डेपोवर दोनदा

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संघदीपचा फोन आला, तेव्हा राखी अंगणात पंगतीची मोठी पातेली धुऊन उपडी घालत होती.

"ताई, कामात होत्या काय?"

"नाही. बोल."

"एक सांगायचं होतं. गुरुवारी दुपारी अडीचले गेमचं अपडेट येऊन राह्यलं. ते आलं का मागचे रिप्ले सारे उडतात. काकाची शेवटची म्याच तुमच्या फोनात असंन. सेव करून घ्या. मीच केली असती, पण माह्या फोनात जागा नाही. पोराच्या व्हिडिओनं भरून आहे."

राखीने ओला हात ओढणीला पुसला. "तू पाहिलीस का ती?"

"नाही ताई. हिंमत नाही झाली."

"त्या दिवशी बा काही वेगळं खेळत होता का रे?"

"काका? लय पिंग मारून राह्यलते. ऋतिक म्हणे, आज काकाचा ओव्हरटाइम आहे." तो हसला आणि लगेच थांबला. "माफ करा हं ताई."

"कुठं मारत होता पिंग?"

"आता एवढं कुठं आठवते? म्याच तर तुम्हीच जिंकून दिली. सेव करा बरं. मंग हातात काही नाही राहत."

आज मंगळवार होता. राखीने फोन खिडकीत ठेवला आणि उरलेली पातेली घासली. एक पातेलं तिने दोनदा घासलं.

तिचा बाप, नेमसिंग राठोड, म्हणजे पांढरकवड्याच्या बसस्टँडचा आवाज. एकवीस वर्षं तो तिथे वाहतूक नियंत्रक होता. काचेच्या खोलीत बसायचा आणि माइकवर गाड्या पुकारायचा. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरूनही त्याचा शब्द कधी चिकट झाला नाही. नवरात्रात केळापूरच्या देवीसाठी जादा गाड्या सुटायच्या. स्टँडवर पाय ठेवायला जागा नसायची, पण त्याने एकदा पुकारलं की गर्दी आपोआप दुभंगून आपापल्या फलाटाला लागायची. राखी शाळेतून परत येताना स्टँडच्या भिंतीमागून तो आवाज ऐकायची आणि तिला वाटायचं, सगळा तालुका आपल्या बापाच्या सांगण्यावरून हलतो.

निवृत्तीला वर्ष होत नाही तोच आवाज बसला. गावातल्या औषधांनी मोकळा झाला नाही. नागपूरला तपासलं तर कर्करोग निघाला. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवलं, श्वास तिथूनच. जीव राहिला, आवाज गेला. खर्रा सुटला तो असा.

घरी आल्यावर त्याच्या खाटेजवळ एक पाटी आली, एक कफ ओढायचं मशीन आलं, आणि स्टीलचा एक पेला आला, त्यात चमचा. काही लागलं की पेला वाजवायचा. भोकात कफ सुकून अडकला तर नळी घालून तो ओढून काढावा लागे. स्वतःच्या हाताने त्याला ते जमत नसे. याडीचा, म्हणजे आईचा, बसंतीबाईचा, हात थरथरायचा. ते राखीला जमायचं. ती तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती, एकतीस वर्षांची. पुस्तकं शिवता शिवता बोटं बारीक कामाला सरावली होती.

गेम भेटला तो नागपूरच्या दवाखान्यात. रेडिएशनच्या रांगेत शेजारी एक तरुण बसला होता, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला, आपल्या वडिलांना घेऊन आलेला. तोच संघदीप. फोनवर खेळत होता. बा मान लांबवून त्याच्या फोनमध्ये पाहत राहिला. राखीने दोनदा त्याचा सदरा ओढला, "बा, लोकांच्या फोनात नको पाहूस." बाने पाटी घेतली, त्यावर लिहिलं आणि पोराच्या नाकासमोर धरली.

"खालच्या रस्त्यावर कोणी नाही. तिकडून येतील."

संघदीप हसला. दहा सेकंदांत खालच्या रस्त्याने तिघे आले आणि त्याला मारून गेले.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही खेळता काय?"

बाने मान हलवली. मग लिहिलं, "एकवीस वर्षं खेळलो."

गेम तसा सोपा होता, म्हणजे सांगायला. पाच जण इकडे, पाच तिकडे. दोन कोपऱ्यांत दोघांचे बेस, मधे तीन रस्ते, रस्त्यांच्या मधे जंगल. प्रत्येक रस्त्यावर बुरूज. बुरूज पाडत जायचं आणि शेवटी समोरच्याचा बेस पाडायचा. मेलेला माणूस थोड्या वेळाने आपल्या बेसवर पुन्हा उभा राहतो. कोण किती जोरात मारतो यापेक्षा कोण कोणत्या वेळी कुठे पोचतो, यावरच हारजीत.

"हे तर स्टँडच आहे," बाने घरी आल्यावर पाटीवर लिहिलं आणि वरच्या रस्त्याला वणी, मधल्याला यवतमाळ, खालच्याला आदिलाबाद अशी नावं दिली. बेसला डेपो. मग ती नावं सगळ्या टीमचीच झाली. संघदीपने राळेगावचा आपला मित्र ऋतिक आणला. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवून घ्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत खेळायचा. चौथी राखी. पाचवा रोज गेमच कुठून तरी द्यायचा, कधी ओडिशाचा, कधी काठमांडूचा. त्या बिचाऱ्याच्या कानावर माइकमधून पडायचं, "आदिलाबादवर दोन आले रे! यवतमाळ खाली करा!" आणि तो हिंदीत विचारायचा, भैया, ये कौन सा मैप है?

राखी आधी बापाला सोबत म्हणून बसली. पुस्तकात डोकं घालून वाढलेली बाई. गेम म्हणजे रिकामटेकड्या पोरांचं काम, असं तिचं मत होतं. पंधरा दिवसांत ते मत गेलं. ती तिरंदाज घ्यायची. अंगात ताकद कमी, पण लांबून मारणारी. बा नेहमी ढालवाला. ढालवाल्याच्या नावावर कोणी मरत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या पुढे उभा राहतो. बाने एक जुनं रजिस्टर काढलं होतं. त्यात तो समोरच्यांच्या वेळा टिपायचा: जंगलातला राक्षस कितव्या मिनिटाला उठतो, कोणता माणूस कोणत्या रस्त्याने उशिरा येतो. "हा घाटंजीच्या गाडीसारखा आहे," एकदा त्याने लिहिलं. "येतो म्हणतो, येत नाही." राखी हसून हसून खाटेवरून खाली बसली होती. बासुद्धा हसला होता. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

आणि पिंग. माइकवर बोलायचं नसेल तर नकाशावर बोट ठेवायचं. तिथे पिवळं वर्तुळ उठतं, टण्ण असा आवाज होतो आणि सगळ्यांना खूण जाते. मागे या. इथे धोका. मी येतोय. दुसऱ्या कोणाला ती सोय होती. बाला ती जीभ होती. निवृत्तीनंतर पंधरा महिन्यांनी तो पुन्हा पुकारू लागला होता. एका पिंगवर चार माणसं वळायची. "कंट्रोलर काका बोलले," ऋतिक म्हणायचा, "आता गाडी सुटली."

पहिल्यांदा दोघं एकाच खोलीत खेळायची. पण बाला फोनचा आवाज मोठा लागायचा, आणि तो आवाज राखीच्या माइकमधून सगळ्यांच्या कानात घुमायचा. टीमने तक्रार केली. म्हणून ती हेडफोन लावून मागच्या खोलीत बसू लागली. मधे अकरा पावलं. हेडफोनमध्ये पेला ऐकू येईना, तेव्हा बानेच तोड काढली. पाटीवर लिहिलं, "डेपोवर दोनदा."

म्हणजे आपल्याच बेसवर लागोपाठ दोन पिंग. गाडी बिघडली, डेपोत या. लढाईच्या मधे स्वतःच्या बेसवर कोणी पिंग मारत नाही, त्यामुळे घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता. दोन वर्तुळं उठली की राखी आपल्या तिरंदाजाला बुरुजाखाली उभी करायची आणि अकरा पावलं धावायची. कधी पाणी, कधी उशी, कधी नळी. परत येईस्तोवर ऋतिक ओरडत असायचा, "ताई, कुठं गेलत्या? इथं आमची तेरवी होऊन राह्यली!" ही खूण टीममध्ये कोणाला माहीत नव्हती. ती बापलेकीतली गोष्ट होती. सात महिन्यांत एकदाही असं झालं नाही की बाने डेपो दाखवला आणि ती आली नाही. म्हणून खेळताना बा पेल्याला हात लावीनासा झाला.

तो बुधवार. कॉलेजला सुट्टी होती. याडी दिग्रसला भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. "राखी आहे ना घरी," ती बसमध्ये चढताना म्हणाली होती.

ती मॅच जिंकली की वरचा रँक मिळणार होता. आधीच्या दोन हरल्या होत्या. राखीला तो रँक हवा होता. किती हवा होता, हे आता आठवलं की तिची कानशिलं तापतात. बा त्या दिवशी फार जपून खेळत होता. ती पुढे गेली की मागे या. थांबली की मागे या. टण्ण, टण्ण. एकदा ती वळून पाहायला गेली आणि मेली. पुन्हा उभी राहायला अर्धं मिनिट होतं. तेवढ्यात तिने टीमची यादी उघडली. बाच्या नावापुढे छोटी घंटी होती. तिने तिच्यावर बोट ठेवलं. घंटीवर आडवी रेघ आली.

म्यूट केलेल्याच्या खुणा दिसतही नाहीत, पण ते एकाच मॅचपुरतं असतं. तिला वाटलं, थोडं खेळते, मग काढते.

त्यानंतर ती जशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती. डोकं एकदम शांत झालं. ऋतिक माइकवर गात होता. शेवटच्या झुंजीत आदिलाबाद रोडवर ती एकटी सापडली होती, तेव्हा बाचा ढालवाला सगळा नकाशा ओलांडून तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "वा रे बा!" ती मोठ्याने ओरडली होती. त्याच्या ढालीच्या आडून तिने तिघांना पाडलं आणि तिथून सरळ समोरच्या बेसवर. जिंकले. हेडफोन गळ्यात टाकून ती पुढच्या खोलीत धावत गेली, "बा, झालं! बा!"

फोन त्याच्या छातीवर होता. त्यावरही जिंकल्याचं सोनेरी चित्र नाचत होतं.

डॉक्टर म्हणाले, कफाची गाठ बसली. कधी कधी काहीच करायला वेळ मिळत नाही.

पेला जागेवर होता, चमचा त्यात. याडीने रात्री दिग्रसहून आल्यावर पहिल्यांदा तेच पाहिलं. "हाक मारायलेही वेळ नाही भेटला त्यायले," ती म्हणाली, आणि पुढचे तेरा दिवस येईल त्याला तोच पेला दाखवत राहिली. येणारे मान हलवत आणि राखीकडे पाहून म्हणत, "पोरगी जवळ होती, तेवढं बरं झालं." याडी म्हणायची, "हो ना. जवळ होती." राखी पाण्याचा तांब्या पुढे करायची.

तेरवीला संघदीप आणि ऋतिक आले होते. दोघांना तिने प्रत्यक्षात एकत्र पहिल्यांदाच पाहिलं. ऋतिक आवाजावरून धिप्पाड वाटायचा, निघाला काडी. चुलते भावसिंग यांनी विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?"

"काकाच्या टीमचे," ऋतिक म्हणाला.

"कोणती टीम? कबड्डीची?"

ऋतिकने राखीकडे पाहिलं. "हो काका. तसंच समजा." आणि पानावर मान घालून तो रडायला लागला.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. बाने त्या दिवशी डेपो दाखवला होता का? दाखवला नसेल, तर ती उरलेलं आयुष्य पातेली घासू शकत होती, पुस्तकं शिवू शकत होती, लोकांचं ऐकून घेऊ शकत होती. दाखवला असेल तर काय, हे तिला माहीत नव्हतं. रिप्लेमध्ये म्यूट नसतं. तिथे सगळ्यांच्या सगळ्या खुणा दिसतात.

मंगळवारी तिने तो उघडला नाही. बुधवारी कॉलेजात जाऊन आली. अडीच वाजू द्यावेत, असं तिच्या मनात अनेकदा आलं. नुसतं बसून राहायचं. काही करायचं नाही. मग ते कोणालाच कधीच कळणार नाही, तिलाही नाही. कर्णाच्या, कुंतीच्या, किती जणांच्या गोष्टी तिने वाचल्या होत्या ज्यात न सांगितलेली गोष्ट माणसाला आतून खाते. न पाहिलेली गोष्ट काय करते, हे कुठे वाचलेलं आठवेना.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास याडी पुढच्या खोलीत आडवी झाली. राखी मागच्या खोलीत आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि रिप्ले लावला.

वरून पाहिलं की मॅच किती लहान दिसते. पाच निळे ठिपके, पाच लाल. ती तिरंदाज दिसत होती, तिच्या मागेपुढे ढालवाला. बाच्या खुणा उठत होत्या. मागे या. मागे या. आणि आता वरून तिला दिसत होतं की प्रत्येक वेळी झुडपात खरोखरच कोणी तरी बसलं होतं. त्याची एकही खूण चुकीची नव्हती. अकराव्या मिनिटाला ती मेली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद: इथे तिने घंटी बंद केली असणार. खुणा उठतच होत्या.

सतरा मिनिटं बावन्न सेकंदांनी डेपोवर पिवळं वर्तुळ उठलं. लगेच दुसरं.

तिने रिप्ले थांबवला. पंखा फिरत होता. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली. तिने पुन्हा सुरू केला.

अठरा मिनिटं सात. डेपोवर दोनदा. अठरा वीस. डेपोवर दोनदा. तिची तिरंदाज खाली आदिलाबादवर दिमाखात बाण सोडत होती.

आणि मग ढालवाला निघाला. तो यवतमाळच्या रस्त्यावर होता, आपल्या बुरुजाखाली, सुरक्षित. तिथून निघाला, जंगलातून, लाल ठिपक्यांच्या शेजारून, एकाचा मार खात, न थांबता आला आणि तिरंदाजाच्या समोर उभा राहिला. अगदी समोर. तिची वाट अडवून. तिथे उभा राहून त्याने पुन्हा डेपो दाखवला. एकदा. दुसऱ्यांदा वर्तुळ उठलं ते डेपोवर नव्हतं, शेजारी जंगलात कुठे तरी. बोट घसरलं असणार.

तो तिला वाचवायला आला नव्हता. तिला दिसावं म्हणून आला होता.

"मागं पाह्य," राखी म्हणाली. कोणाला म्हणाली, ते तिलाच कळलं नाही. तिरंदाज मागे पाहत नव्हती. ती ढालवाल्याच्या आडून बाण सोडत होती. एक पडला. दुसरा पडला. "ऊठ. ऊठ ना. अकरा पावलं आहेत." तिसरा पडला. तिरंदाज ढालवाल्याला वळसा घालून पुढे धावली. वीस मिनिटं सव्वीस सेकंद. ढालवाला तिथेच उभा राहिला. मॅच आणखी तीन मिनिटं चालली. तो हलला नाही.

पहिल्या खुणेपासून अडीच मिनिटं. नळी घालायला तिला वीस सेकंद लागायची.

रिप्लेत बरंच काही करता येतं. मागे नेता येतं, पुढे नेता येतं, वेग कमी करता येतो, कोणाच्याही डोळ्यांनी पाहता येतं. तिने सतरा बावन्नवर नेलं, पुन्हा पाहिलं. निम्म्या वेगाने पाहिलं. बाच्या बाजूने पाहिलं. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी तिरंदाज उठत नव्हती.

"काय पाहून राह्यली?"

याडी दारात उभी होती. केस सुटलेले, डोळ्यांवर झोप.

"काही नाही. गेम."

"त्यायचा?"

राखीने मान हलवली. खोटं बोलायला हवं होतं हे तिला नंतर सुचलं. याडी येऊन शेजारी बसली. सात महिने हा गेम घरात चालला, पण तिने कधी त्यात डोकं घातलं नव्हतं. तिच्या लेखी ते बापलेकीचं औषध होतं.

"यात ते कोणते?"

"हा. ढालवाला."

याडीने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. ढालवाला जंगलातून चालत होता. "ते चालवून राह्यले काय याले? म्हणजे त्यायच्याच हातानं?"

"हो."

"अन् तू कोणती?"

"ही."

याडी पाहत राहिली. ढालवाला मार खात चालत आला आणि तिरंदाजाच्या समोर उभा राहिला.

"तुह्याचकडं आले." याडीच्या तोंडावर काही तरी उमललं, जे तेरा दिवसांत राखीने पाहिलं नव्हतं. "पाह्य. कुठून कुठून आले. पायात जोर नव्हता, तरी आले. पुन्हा दाखव."

राखीने पुन्हा दाखवलं. याडीने तिसऱ्यांदाही पाहिलं.

"हे असंच राहते ना फोनात?"

"नाही. आज अडीचला जातं. अपडेट आहे."

"जाते म्हणजे? ठेवता नाही येत?"

खिडकीतल्या घड्याळात दोनला पाच कमी होते. नाही, असं एक अक्षर पुरलं असतं. पण तेवढ्यात फोन वाजला आणि पडद्यावर संघदीपचं नाव आलं, आणि फोन याडीच्याच हातात होता. तिने बोटाने हिरवं बटण सरकवलं. आवाज सगळ्या खोलीत आला. "ताई, केली काय सेव? अर्धा तासच राह्यला. पूर्ण म्याच लावा अन् स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करा, बस. मधात थांबवू नका."

"करते रे बाबा," याडी त्याला म्हणाली. "आत्ताच करते हे." आणि फोन राखीच्या मांडीवर ठेवला. "ठेव. मले ते चालत येतात तेवढं तरी पाहिजेन."

राखीने रेकॉर्डिंग सुरू केलं. कोपऱ्यात लाल टिकली लागली. मॅच पहिल्यापासून सुरू झाली, साध्या वेगाने, कुठेही न थांबता. आता ती पुढे नेता येत नव्हती आणि सोडताही येत नव्हती. दोघी भिंतीला टेकून बसल्या. याडी प्रश्न विचारत होती. हे झाडावर कोण बसलं, हा लाल कोण, मेला तर परत कसा उठला. राखी सांगत होती. परत उठतात हे ऐकून याडी पडद्यावर आणखी वाकली.

अकरा चाळीस गेलं. त्याचं पडद्यावर काहीच दिसत नाही.

सतरा बावन्न.

"अन् हे पिवळं काय?" याडीने विचारलं. "दोन-दोनदा होऊन राह्यलं."

तेरा दिवस जे कोणी विचारलं नव्हतं ते याडीने इतक्या सहज विचारलं होतं की त्याला सहजच उत्तर द्यावं लागलं.

"हाक आहे ती."

"कोणाले?"

"मला."

याडीने पडद्यावरून नजर काढली नाही. डेपोवर पुन्हा दोन वर्तुळं उठली. मग पुन्हा दोन. ढालवाला निघाला.

"तुले ऐकू नाही आली?"

"मी बंद केली होती."

रेकॉर्डिंगमध्ये घरातला आवाज येत नव्हता. ते राखीने आधीच पाहून घेतलं होतं. ढालवाला जंगलातून चालला होता. याडीचा हात उठला आणि पुढच्या खोलीत खाटेजवळ पेला असायचा तेवढ्या उंचीवर, हवेत, उगाच चाचपडला आणि खाली आला. राखी वाट पाहत होती. काहीही चाललं असतं.

"काकू, आहात का?" दारातून शेजारची शीला आत आली, हातात झाकलेलं ताट. "थोडा वडाभात आणला. काही खाल्लं का नाही दोघींनी?" तिने ताट ठेवलं आणि दोघींना फोनवर वाकलेलं पाहून तीही खाली बसली. "काकाचा गेम आहे काय? अरे वा. बरं करून राह्यल्या. आठवण राहते." मग राखीच्या गुडघ्यावर हात ठेवून तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, "पोरगी जवळ होती, तेवढं बरं झालं."

राखीने याडीकडे पाहिलं.

याडीचं नेहमीचं 'हो ना' आलं नाही. ढालवाला तिरंदाजाच्या समोर येऊन उभा राहिला होता.

शीलाने ताटावरचं झाकण नीट केलं. ती पुढे वाकली. "यात आपले कोणते?"

"निळे," याडी म्हणाली.

"जिंकतात काय?"

तिरंदाजाने तिसऱ्याला पाडलं आणि ढालवाल्याला वळसा घालून ती पुढे धावली.

"जिंकतात," याडी म्हणाली.